किडीचे नाव, किडीचे गाव

(बुलडाणा जिल्ह्यात खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्याने दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा माणूस. पेरणीचे अंतर, आंतरपिके, खतांच्या मात्रा हा माझा विषय. तरीही आज मी कीटकांवर बोलायचे ठरविले. कोणती कीड कोणत्या जातीची, ती जगात कोठे राहते आणि तिचा नकाशा कसा तयार होतो, हा आजचा विषय आहे. हा विषय संग्रहालयातील विद्वानांचा आहे, आपल्या शेतीशी त्याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. ज्या चुकीमुळे माझे हे मत बदलले, ती प्रथम सांगतो.

२०१७ च्या खरिपातील गोष्ट. आमच्या घरी सहा एकर बीटी कपाशी होती. ऑक्टोबरमध्ये वडिलांचा फोन आला, "बोंडात अळी दिसून राहिली, काय मारू?" मी तेव्हा नुकताच शिकवायला लागलो होतो. अळी न पाहताच सांगितले, "बोंडात आहे म्हणजे अमेरिकन बोंडअळी असेल," आणि औषधाचे नाव दिले. वडिलांनी तीन फवारण्या केल्या. दिवाळीला मी घरी गेलो. बोंडे वरून चांगली दिसत होती. मी एक फोडले, दुसरे फोडले, तिसरे फोडले. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला. वडील काही बोलले नाहीत. फवारणीचा पंप त्यांनी उचलून कोठ्यात ठेवला. मी दोन पदव्या घेतलेला माणूस, पण किडीचे नाव चुकलो होतो.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती. तथापि जी फवारणी गरजेची नव्हती किंवा किडीपर्यंत पोहोचणारच नव्हती, तिच्यात पैसा तर जातोच, माणसाचा जीवही धोक्यात येतो, हे त्या वर्षाने आपल्याला शिकविले.

एक अळी, चार नावे

आपल्याकडे हरभऱ्यावर पडते ती घाटेअळी. तुरीवर पडते ती शेंगा पोखरणारी अळी. टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. ही नावे चार असली तरी कीड एकच आहे. शास्त्रीय नाव हेलिकोवर्पा आर्मिजेरा. भारतात १८० हून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर ती कपाशीच्या पात्या-फुलांवर असते, पुढे तुरीच्या शेंगांवर आणि डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या घाट्यावर येते. आपण तिला प्रत्येक पिकात नव्या नावाने हाक मारतो आणि कपाशीतील अळीचा व घाटेअळीचा काही संबंध नाही असे धरून चालतो. वास्तविक हरभऱ्याच्या शेतात आलेला पतंग बांधापलीकडच्या तुरीतूनच आलेला असू शकतो.

उलट गुलाबी बोंडअळी अगदी वेगळ्या कुळातली. तिचे नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएल्ला. तिचे मुख्य अन्न कपाशी. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भाऊबंदांवरही ती थोडीफार जगते. आमच्या वडिलांच्या बोंडात दोन्हींपैकी कोणतीही अळी असू शकत होती, पण दोघींची वागणूक निराळी. अमेरिकन बोंडअळी बोंडाला मोठे गोल छिद्र पाडते, अर्धे अंग बाहेर ठेवून खाते आणि विष्ठा छिद्राबाहेर पडलेली दिसते. गुलाबी अळी लहान असतानाच आत शिरते, तिचे छिद्र बुजून जाते आणि बोंड वरून निरोगी दिसते. पहिली अळी फवारणीच्या वाटेत येते. दुसरी एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

नाव ठेवण्याचे शास्त्र

कीटकांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियसने १७५८ च्या ग्रंथात प्राण्यांसाठी पक्की केली. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःच्या नावासारखा. घाटेअळीच्या पतंगाला १८०८ साली जर्मनीतील ऑग्सबर्गच्या ह्युब्नर या चित्रकार-अभ्यासकाने नाव दिले. गुलाबी बोंडअळीचे नामकरण १८४० च्या दशकात सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकाने केले, तेही आपल्या शेजारच्या गुजरातेतील भडोचच्या कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवरून.

या नावांत सुधारणाही होत असते. जुन्या मराठी पुस्तकांत घाटेअळीचे नाव 'हेलिओथिस' असे आढळते. युरोप, आशिया व अमेरिकेतील या गटाच्या अळ्या फार दिवस एकाच नावाखाली मोडत. १९६५ साली कॅनडाच्या हार्डविक यांनी जगभरचे नमुने तपासून अमेरिकेतील जात वेगळी आणि आपली जात वेगळी, असे दाखवून दिले. म्हणजे आपण जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतो, ती मुळात अमेरिकेची नव्हेच. ती जुन्या जगाची, म्हणजे दक्षिण युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाची रहिवासी. अमेरिका खंडात, ब्राझीलमध्ये, तिची पहिली नोंद झाली ती २०१३ साली.

तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचेही असेच आहे. हीच अळी आपल्या सोयाबीनवर २००८ साली विदर्भात मोठ्या प्रमाणावर पडली होती. इजिप्तच्या कपाशीवरील अळी आणि आपली अळी एकच, असे पूर्वी समजले जाई. १९६० च्या दशकात स्पष्ट झाले की भूमध्य समुद्राकडील व आफ्रिकेतील जात स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस आहे आणि आशियातील जात स्पोडोप्टेरा लिट्युरा. दोन्हींचे पतंग शेजारी ठेवले तर आपल्याला फरक कळणार नाही. त्यासाठी अंतर्गत अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

जगाचा घाट

आता नकाशाकडे वळू. आपल्या जिल्ह्यात आपण सहज म्हणतो, हा घाटावरचा, तो घाटाखालचा. राजूर घाट उतरला की जमीन बदलते, हवा बदलते, पीक बदलते. चिखली-मेहकरकडची शेती आणि नांदुरा-शेगावकडच्या पूर्णाकाठची शेती सारखी नाही. खारपाणपट्ट्याची तर गोष्टच वेगळी. कोणी सांगितले नाही तरी पीक पाहून आपण गाव ओळखतो.

प्राणिशास्त्रज्ञांनी सगळ्या जगाचे असेच घाटावर आणि घाटाखाली असे भाग पाडले. १८५८ साली स्क्लेटर यांनी पक्ष्यांवरून जगाचे सहा विभाग केले. १८७६ साली वॉलेस यांनी इतर प्राण्यांचाही विचार करून ते विभाग पक्के केले. त्यांतील सर्वात मोठ्या विभागाचे नाव पॅलिआर्क्टिक, म्हणजे जुन्या जगाचा उत्तरेकडील भाग. संपूर्ण युरोप, आफ्रिकेचा सहारापर्यंतचा उत्तर भाग आणि हिमालयाच्या पलीकडचा आशिया त्यात येतो. आपण राहतो तो ओरिएंटल विभाग. मधला मोठा घाट म्हणजे हिमालय. थंडीत महिनोन्महिने झोपून राहणारे कीटक पलीकडे, वर्षभर पिढ्या वाढविणारे अलीकडे.

परंतु घाटातही रस्ता असतोच. हिमालयाची भिंत उत्तरेला आहे, पश्चिमेला मात्र अरबस्तान, इराण, बलुचिस्तान आणि थरचे वाळवंट अशी उघडी वाट आहे. तेथे दोन्ही विभागांचे कीटक मिसळतात. रब्बीत आपल्या करडईवर व गव्हावर माव्याच्या मागे लागलेला सात ठिपक्यांचा लाल ढालकिडा आपण पाहतो. तो युरोपात आणि उत्तर आशियात सर्वत्र आढळतो. लिनियसनेच त्याला नाव दिले आहे. तो मावा खातो, म्हणून आपला मित्र. घाटेअळीचा पतंगही वाऱ्याबरोबर दूर जातो. इंग्लंडच्या थंडीत त्याची कायम वस्ती होत नाही, पण दक्षिणेकडून उडत आलेले पतंग तेथे सापडतात.

म्हणून नकाशावर नुसता ठिपका देऊन भागत नाही. कीड तेथे कायम राहते, पाहुणी म्हणून येते की नव्याने वस्तीला आली आहे, हे सांगावे लागते. तिन्हींची उदाहरणे आपल्या आसपास आहेत.

पाहुणा : वाळवंटी टोळ

मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून टोळांचे थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले. अनेकांनी टोळधाड आजोबांच्या तोंडूनच ऐकली होती. हे टोळ आपल्या बांधावरचे नाकतोडे वाढून झालेले नव्हते. या जातीचे वर्णन फोर्स्कोल या अभ्यासकाच्या ग्रंथातून १७७५ साली प्रसिद्ध झाले. तो अरबस्तानच्या मोहिमेत येमेनमध्येच मरण पावला होता.

शांत काळात हा टोळ पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियापासून राजस्थानपर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटरच्या कोरड्या पट्ट्यात विखरून राहतो. २०१८ साली मे व ऑक्टोबर महिन्यांत आलेल्या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात पाऊस पाडला. ओल्या वाळूत टोळांनी अंडी घातली, पिढ्या वाढल्या आणि त्यांचे वंशज दोन वर्षांत वाऱ्याबरोबर आपल्यापर्यंत आले. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. सुमारे दोन ग्रॅम वजनाचा टोळ रोज स्वतःच्या वजनाइतके खातो.

टोळ एकटा असतो तेव्हा आणि थव्यात असतो तेव्हा त्याचा रंग व वागणूक इतकी बदलते की पूर्वी अशा दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजत. रशियात जन्मलेले आणि पुढे लंडनमध्ये काम केलेले उवारोव्ह यांनी १९२१ साली स्थलांतरी टोळावरील अभ्यासातून दाखविले की या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. या एका शोधाने टोळनियंत्रणाची दिशा बदलली. थवा आल्यावर पळापळ करण्यापेक्षा, वाळवंटात एकटेदुकटे टोळ कोठे वाढत आहेत याचा नकाशा ठेवावा, हे कळले. १९२६ ते १९३१ च्या मोठ्या टोळधाडीनंतर आपल्या देशातही १९३९ साली टोळ पूर्वसूचना देणारी संघटना स्थापन झाली. २०२० मध्ये जे थवे आले ते गुलाबी रंगाचे, म्हणजे अपक्व टोळ होते. ते अंडी घालण्याच्या अवस्थेत नव्हते. रात्री झाडांवर बसलेल्या थव्यावर पहाटेपूर्वी फवारणी करावी, हे ज्ञान त्या जुन्या अभ्यासाचेच फळ आहे.

नवा रहिवासी : मक्यावरील लष्करी अळी

ही अळी मात्र खरोखरच अमेरिकेची. २०१६ साली ती आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. सुरुवातीला बऱ्याच जणांनी तिला खोडकिडा समजून उपाय केले. काहींनी आपली जुनी लष्करी अळी समजून दुर्लक्ष केले. ओळख सोपी आहे. डोक्यावर इंग्रजी 'वाय' हे अक्षर उलटे लिहिल्यासारखी खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार ठळक काळे ठिपके. या दोन खुणा दिसल्या की शंका नको. ती मक्याच्या पोंग्यात बसते, म्हणून फवारा पोंग्यात पडला पाहिजे.

कायम रहिवासी : गुलाबी बोंडअळी

ही आपल्याकडचीच. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. काही वर्षे बोंडअळ्यांचा विसर पडला. पुढे गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटी विषाला दाद देत नसल्याचे आढळले, नंतर दोन जनुकांच्या कपाशीतही ती जगू लागली आणि २०१७ मध्ये आपल्या बोंडांत पोहोचली. एकाच पिकावर जगणारी कीड सतत एकाच विषाच्या संपर्कात राहिली. त्यात आपण फरदड घेऊन तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत खायला देत राहिलो.

आता दुसरी बाजू ऐका. हीच अळी विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्त आणि पुढे मेक्सिकोमार्गे अमेरिकेत गेली. तेथील कापूस पट्ट्यात शंभर वर्षे तिने नुकसान केले. बीटी कपाशी, प्रयोगशाळेत वाढविलेले वांझ पतंग सोडणे, कामगंध सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाटी नष्ट करणे, हे सर्व एकत्र राबवून ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला. म्हणजे नकाशावरचा ठिपका पुसता येतो. त्यांची साधने आणि धारणक्षेत्र आपल्यापेक्षा वेगळे आहे, हे मान्य. पण हंगाम वेळेवर संपविणे आपल्याही हातात आहे.

ओळख पटली की खर्च वाचतो

कामगंध सापळ्यातील गोळी ही त्या त्या जातीच्या मादीच्या वासाची नक्कल असते. घाटेअळीच्या गोळीवर गुलाबी बोंडअळीचे नर येत नाहीत. दुकानातून "बोंडअळीची गोळी" असे मोघम मागू नका, किडीचे नाव सांगून मागा.

घाटेअळीवरील विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, हरभऱ्यावर हेक्टरी ५०० एल.ई. या प्रमाणात सायंकाळी फवारतात. तो फक्त हेलिकोवर्पालाच रोगी करतो. हरभऱ्यात स्पोडोप्टेरा असेल तर तो वाया जाईल. मित्रकीटकांना व माणसाला मात्र त्याचा अपाय नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा तपासलेल्या फुले-बोंडांपैकी शेकडा दहा प्रादुर्भावग्रस्त निघाली, तरच कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आली असे समजावे. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. शेताच्या निरनिराळ्या भागांतील २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. वरून पाहून निर्णय घेऊ नये. डिसेंबरअखेर कपाशी संपवावी, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नयेत.

तुमच्या गावचा नकाशा

जगाचे नकाशे कसे झाले? कोणीतरी, कोठेतरी एक कीटक पकडला आणि त्याला चिठ्ठी लावली. ठिकाण, तारीख, कोणत्या झाडावर मिळाला, कोणी पकडला. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या आणि नकाशा उभा राहिला. आपल्या लोणारच्या सरोवर परिसरातील प्राण्यांची अशीच यादी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने पुस्तकरूपाने काढली आहे. चिठ्ठी नसलेला कीटक कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी.

सोयाबीनवरील २००८ च्या प्रादुर्भावानंतर, २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरलेल्या शेतांत किडी मोजून त्यावरून सल्ला देणे, हे त्यातले मुख्य काम. पण मोजणारा कर्मचारी प्रत्येक बांधावर जाऊ शकत नाही. तुम्ही तर रोजच असता.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरातील रिकामी आगपेटी किंवा औषधाची स्वच्छ धुतलेली बाटली घ्या. अनोळखी अळी दिसली की तिच्या खाण्याच्या पानासह आत ठेवा. बाहेर कागदाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : गाव व शिवार, तारीख, पीक आणि पिकाचे वय. हातमोजा किंवा काडी वापरा, काही अळ्यांचे केस खाजरे असतात. ती पेटी कृषी सहायकाकडे, कृषि विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात पोहोचवा. मोबाईलवर फोटो पाठविणार असाल तर डोके, पाठ आणि शेपटी अशा तिन्ही बाजूंनी काढा. गावातील सापळ्यांचे आकडे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहिले, तर पतंग कोणत्या शिवारातून कोणत्या शिवारात सरकत आहेत ते सर्वांना दिसेल. तोच तुमच्या गावचा नकाशा.

आमच्या घरी आता कपाशीच्या शेतात पाच-सहा सापळे असतात. वडील दर सोमवारी पतंग मोजून वहीत लिहितात. मागील हंगामात त्यांचा फोन आला, "पतंग येऊन राहिले." मी औषधाचे नाव सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. अगोदर बोंड फोडून पाहतो, मग सांगतो तुला."

बंधू-भगिनींनो, यंदाच्या हंगामात एवढे एकच करा. औषध विचारण्यापूर्वी किडीचे नाव विचारा, आणि नाव ठरविण्यापूर्वी बोंड फोडून पाहा.